साठ प्रश्नांची परीक्षा आणि रीळ नसलेली काठी

म्युनिक आणि आसपासच्या मराठी मंडळींपैकी कोणाला ना कोणाला मासेमारीची हौस येते, आणि मी मासेमारीचा परवाना काढला आहे हे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘रॉड आणि रिळावर किती खर्च करावा लागेल?’ विचारणाऱ्याने बहुधा तीनशे-चारशे युरोंचे कार्बनचे रॉड आणि तेवढ्याच किमतीची रिळे आधीच पाहिलेली असतात आणि धसका घेतलेला असतो. माझे उत्तर असे की, बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तिथे, काठी आणि तिच्यावरचे दोरा गुंडाळायचे रीळ हा या छंदातला सर्वांत किरकोळ खर्च आहे. खरा खर्च तळ्याच्या काठावर कायदेशीरपणे उभे राहण्याचा आहे, आणि त्यात पैशांइतकाच वेळही जातो. हे आधी कोणी सांगितले असते तर माझी पुष्कळशी धास्ती कमी झाली असती, म्हणून सगळे क्रमवार लिहीत आहे.

माझे आजोळ वेंगुर्ल्याकडचे. तिथे खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाण्यासाठी बांबूची काठी, थोडा तंगूस (नायलॉनचा दोरा), एक गरी (गळ) आणि आमिषाला चार कोळंब्या पुरत. ओहोटी संपून भरती लागताना मामा आम्हा पोरांना सोबत नेत आणि नशीब असेल तर पालू, नाहीतर शेंगटी घेऊन आम्ही घरी येत असू. त्यामुळे मासेमारी हा महागडा छंद असू शकतो, ही कल्पनाच मला जर्मनीत येईपर्यंत नव्हती. इथल्या दुकानात एका भिंतीवर ओळीने उभे केलेले रॉड पाहून आपण चुकून क्रिकेटच्या एखाद्या भारी दुकानात शिरलो की काय असे वाटले होते. विक्रेत्याने मात्र रॉडची किंमत सांगण्याआधी विचारले, ‘परवाना आहे का?’ नव्हता. त्यावर त्याने मला काहीही न विकता एका कोर्सची माहितीपत्रिका हातात दिली. ही २०२३ च्या सप्टेंबरातली गोष्ट.

जर्मनीत नदी, तळे किंवा कालवा यांतला मासा ‘कोणाचाही’ नसतो. प्रत्येक पाण्याचा मासेमारीचा हक्क कोणाच्या तरी नावावर असतो : कधी राज्याच्या, कधी गावाच्या, कधी एखाद्या क्लबच्या किंवा व्यावसायिक कोळ्याच्या. त्या हक्काविना गळ टाकणे हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २९३ खाली गुन्हा आहे, मग तुमच्या हातात हजार युरोंचा रॉड असो की झाडाची फांदी. म्हणून दोन कागद लागतात. पहिला ‘फिशेरायशाइन’, म्हणजे मासेमारी करण्यास तुम्ही पात्र आहात हे सांगणारा सरकारी परवाना. दुसरा ‘एर्लाउब्निसशाइन’, म्हणजे त्या विशिष्ट पाण्यावर गळ टाकण्याची हक्कदाराने दिलेली परवानगी. पहिला नसेल तर दुसरा मिळत नाही, आणि दुसरा नसेल तर पहिल्याचा काठावर काही उपयोग नाही. पहिल्यासाठी मासेमारीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि बव्हेरियात त्या परीक्षेला बसण्यासाठी आधी किमान ३० तासांचा तयारीचा कोर्स पूर्ण करावा लागतो.

हे ऐकून मामा व्हिडिओ कॉलवर हसत सुटले. ‘गो बाय, गरवूक परीक्षा कसली?’ हे त्यांचे वाक्य आमच्या घरी अजून चालते.

कोर्स नोव्हेंबरात सुरू झाला. सलग काही शनिवार-रविवार, एका जुन्या खानावळीच्या मागच्या सभागृहात. माझ्या कोर्सचे २३० युरो झाले. इतरत्र थोडे कमी-जास्त असतात. सुरुवातीची भीती भाषेची होती. माझे जर्मन बी-१ पातळीचे, म्हणजे दवाखाना, भाडेकरार आणि शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा येथवर चालणारे. आमचे शिक्षक निवृत्त गृहस्थ होते, अस्सल बव्हेरियन बोलीत बोलत आणि माशांची नावे घेताना तर अधिकच रंगात येत. पहिल्या दिवशी निम्मेही कळले नाही. पण चित्रे, भुसा भरून जतन केलेले मासे आणि फळ्यावरच्या आकृत्या यांनी तारले, आणि दुसऱ्या आठवड्यापासून लक्षात आले की परीक्षेची भाषा ठरावीक आहे. दोन-अडीचशे शब्द नीट पाठ झाले की प्रश्न वाचता येतात. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. तो फोनवर घेऊन ऑफिसला जाताना लोकलमध्ये रोज थोडा सोडवणे, हा मला सापडलेला सर्वांत सोपा मार्ग. ज्यांचे जर्मन कच्चे आहे त्यांनी प्रश्न समजून घेण्याबरोबरच योग्य उत्तराचे वाक्यही डोळ्यांना ओळखीचे करून ठेवावे.

विषय पाच : मासे, पाणी, पाण्याचे आणि मत्स्यसंपत्तीचे रक्षण, साधने आणि पकडलेल्या माशाची हाताळणी, आणि कायदे. मला वाटले होते की साधनांचा विषय सर्वांत मोठा असेल. प्रत्यक्षात तो पाचांतला एक, आणि त्यातही ब्रँड किंवा किंमत यांचा मागमूस नाही. बाकीचे सगळे शिकताना मात्र मी अक्षरशः रमले. मिशा मोजून मासा ओळखायचा : कार्पला चार, टेंचला दोन, वेल्स या मोठ्या शिंगाळ्यासारख्या माशाला सहा. पाठीवरच्या पराच्या (माशाच्या पंखाच्या) मागे छोटासा मांसल पर दिसला तर तो ट्राउटच्या कुळातला असण्याची शक्यता धरायची. डोंगरातल्या उगमापासून सपाटीपर्यंत नदीचे पट्टे माशांच्या नावाने ओळखायचे : वर ट्राउटचा, मग ग्रेलिंगचा, मग बार्बेलचा, खाली ब्रीमचा. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, म्हणून हिवाळ्यात तळे वरून गोठले तरी तळाशी मासे जगतात, हे शाळेत शिकलेले वाक्य मला प्रथमच कामाचे वाटले, कारण त्यावरून जानेवारीत मासा कुठे असेल हे सांगता येत होते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी शिक्षकांनी टेबलावर वेगवेगळे रॉड मांडले. कोणता सर्वांत चांगला, असे एका तरुणाने विचारले तेव्हा त्यांनी प्रत्येक रॉडच्या मुठीजवळ छापलेले आकडे वाचायला लावले. तिथे लांबी असते आणि ‘वुर्फगेविष्ट’ असते, म्हणजे त्या रॉडने किती ग्रॅम वजन फेकायचे. ५ ते २० ग्रॅम लिहिलेल्या रॉडला ६० ग्रॅमचे शिसे लावून जोरात फेकले तर तो मोडू शकतो. उलट ८० ग्रॅमच्या रॉडला ५ ग्रॅमचे आमिष लावले तर तो वाकतच नाही, आणि आमिष पायापाशी पडते. रॉड, रीळ, दोरा, गळ आणि आमिष यांचे एकमेकांशी जमले पाहिजे. वीस युरोंचा जमलेला संच दोनशे युरोंच्या न जमलेल्या संचापेक्षा लांब फेकतो, हे त्यांनी सभागृहामागच्या गवतावर फेकून दाखवले. गळांच्या क्रमांकाचेही तिथेच समजले : आकडा जितका मोठा तितका गळ लहान. परीक्षेत हे हमखास येते.

खरेदी कशाची करायची, यावर त्यांचे उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा अगदी वेगळे होते. आधी हातजाळे, मोजपट्टी, माशाच्या तोंडातून गळ काढायची चिमटी, डोक्यावर मारायचा आखूड सोटा आणि चांगली सुरी घ्या, असे ते म्हणाले. काठी सगळ्यांत शेवटी. यामागे कायदा आहे. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्यानुसार सबळ कारणाविना कण्याच्या प्राण्याला मारता किंवा वेदना देता येत नाही, आणि मासेमारीत ते कारण म्हणजे अन्न. निव्वळ फोटो काढून सोडून देण्यासाठी मासा पकडणे इथे बसत नाही. पकडलेला मासा घ्यायचा असेल तर आधी डोक्यावर ठोसा मारून बेशुद्ध करायचा आणि लगेच सुरीने हृदयाशी किंवा कल्ल्यांशी कापून मारायचा. आपल्याकडे टोपलीत तडफडणारा मासा पाहण्याची सवय असलेल्या मला हे आधी अवघड गेले, पण विचारांती पटले. या सगळ्या वस्तू मिळून माझे पस्तीस-चाळीस युरो झाले. त्या टाळता येत नाहीत.

परीक्षा राज्याच्या शेतीविषयक संस्थेच्या यंत्रणेतून, संगणकावर होते. पद्धत अशी की तुम्ही ऑनलाइन नोंदणी करायची, कोर्स घेणाऱ्याने तुमचे तास पूर्ण झाल्याची नोंद तिथे करायची, आणि मगच तुम्हाला केंद्र आणि तारीख निवडता येते. परीक्षेचे शुल्क वेगळे भरावे लागते, ते कोर्सच्या पैशांत धरलेले नसते. माझ्या बाबतीत ती तासांची नोंद होण्यातच नाताळची सुट्टी आडवी आली. डिसेंबरचे शेवटचे पंधरा दिवस मी रोज लॉग-इन करून तेच राखाडी बटण पाहत होते. जानेवारीत बटण उघडले तेव्हा शहरातल्या जवळच्या तारखा भरलेल्या होत्या, म्हणून रेल्वेने तासाभरावर असलेल्या एका गावातले केंद्र घेतले. कोर्स वर्षाच्या अखेरीस करणार असाल तर हे ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळेच जण वसंतापूर्वी परवाना काढण्याच्या घाईत असतात. आणि शहरातच केंद्र हवे हा हट्ट सोडला तर तारीख लवकर मिळते.

परीक्षेत ६० प्रश्न असतात, प्रत्येक विषयाचे १२. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ४५ बरोबर हवेत आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ६. म्हणजे मासे ओळखण्यात पैकीच्या पैकी मिळवले आणि कायद्यात पाचच बरोबर आले, तर गेलातच. मी कायद्याला घाबरून होते, कारण त्यातले आकडे नुसते पाठच करावे लागतात : तपकिरी ट्राउट २६ सेंटिमीटरच्या आतला घ्यायचा नाही आणि १ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तर मुळीच नाही, कार्प ३५ सेंटिमीटरच्या आतला नाही. खोलीत माझ्या एका बाजूला शाळकरी मुलगा आपल्या आजोबांबरोबर आलेला होता, दुसऱ्या बाजूला एक तुर्की गृहस्थ जपमाळ ओढत होते. वेळ पुरून उरतो, त्यामुळे भाषा कच्ची असलेल्यांनी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचावा. ‘नाही’ हा शब्द कुठे लपला आहे ते पाहावे. मी उत्तीर्ण झाले. साधनांच्या विषयात मला सर्वांत कमी गुण पडले, हे इथे नमूद करायला हरकत नाही, कारण या लेखाचा विषयच तो आहे.

इतर राज्यांत रीत वेगळी आहे. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात तर परीक्षकांसमोर सांगितलेल्या माशासाठी रॉड, रीळ, दोरा आणि गळ निवडून जोडून दाखवावे लागते. त्यामुळे माझा अनुभव बव्हेरियापुरता समजावा आणि आपल्या राज्याचा नियम आधी पाहून घ्यावा.

प्रमाणपत्र हाती आल्यावर आपण जिथे राहतो तिथल्या पालिका कार्यालयातून प्रत्यक्ष परवाना काढायचा. पासपोर्ट, राहत्या जागेची नोंद, फोटो आणि प्रमाणपत्र एवढेच लागले. निवासाच्या व्हिसाचे कार्डही सोबत ठेवावे; मला विचारले नाही, पण माझ्या ओळखीच्या एकाला विचारले होते. भेटीची वेळ मिळायला तीन आठवडे गेले आणि काम दहा मिनिटांत झाले. परवाना आयुष्यभरासाठी असतो, मात्र मत्स्यसंवर्धनासाठीचा कर एकतर दर पाच वर्षांनी भरायचा किंवा एकदाच आयुष्यभराचा. पाच वर्षांचा ४० युरो आहे, त्यावर कार्यालयाचे शुल्क. आयुष्यभराची रक्कम वयाप्रमाणे ठरते, तरुणाला जास्त आणि वयस्काला कमी. इथे किती वर्षे राहणार हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून मी पाच वर्षांचा पर्याय घेतला. तुम्हीही तोच घ्यावा असे माझे मत आहे.

येथवर मार्च २०२४ उजाडला, साडेतीनशे युरोंच्या आसपास रक्कम गेलेली होती आणि माझ्याकडे काठी नव्हती.

काठी एप्रिलमध्ये डेकॅथलॉनमधून आणली. पाच मीटरची, एकात एक सरकणारी, ग्लास फायबरची, रीळ नसलेली, २४ युरो. इथे तिला ‘श्टिपरूटे’ म्हणतात. टोकाला काठीच्याच लांबीचा दोरा बांधायचा, त्यावर पाण्यावर तरंगणारे बारीक बूच, खाली शिशाच्या दोन-तीन गोळ्या आणि १४ नंबरचा गळ. मामांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘ही आमचीच काठी, नुसती दुमडता.’ त्यांचे बरोबर होते. जोडणी तयार मिळते, दोन-तीन युरोंना एक. सुरुवातीला तीच घ्यावी, कारण शिशाच्या गोळ्यांचा हिशेब चुकला की बूच एकतर बुडते किंवा आडवे पडते. आमिषाला मक्याच्या दाण्यांचा डबा घेतला. अळ्याही मिळतात, छोट्या डबीत, आणि त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. फ्रिजमध्ये दह्याशेजारी ती डबी पाहून नवऱ्याने जे तोंड केले त्यानंतर आमच्याकडे मक्यावरच भागते.

मग दुसरा कागद. दिवसाचे परवानगीपत्र पाण्यानुसार बदलते. मी गेले ते तळे खडी काढून उरलेल्या खाणीत पाणी साचून झालेले, एका क्लबच्या ताब्यातले, आणि तिथे दिवसाचे १८ युरो पडले. पत्रासोबत नियमांचे पान आणि पकडलेल्या माशांची नोंद करायचा तक्ता मिळतो. मासा घेतला की तिथल्या तिथे जात, लांबी, वेळ लिहायची, घरी येऊन नव्हे. पेन न्यावे. साधी गोष्ट आहे, पण काठावर पहारेकरी येतो तेव्हा दोन्ही परवाने, तक्ता, हातजाळे, मोजपट्टी आणि सोटा हेच पाहतो. माझ्या काठीकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

मे महिन्यातली सकाळ. माझ्यापासून थोड्या अंतरावर एक गृहस्थ दोन रात्रींच्या मुक्कामाच्या तयारीने बसले होते : छोटा तंबू, पलंग, स्टँडवर आडवे ठेवलेले दोन कार्बनचे रॉड, मासा लागला की पिपाणीसारखे वाजणारे यंत्र. ते कार्पसाठी आले होते आणि तळ्याच्या मध्याकडे, ऐंशी-नव्वद मीटरवर, फेकत होते. मी माझी पाच मीटरची काठी बोरूच्या झुडपाकडेने सोडली. सुरुवातीला थोडी लाज वाटली, हे खरे. पण कोर्समध्ये शिकवलेले आठवत होते की उन्हाळ्याच्या तोंडावर काठालगतचे उथळ पाणी आधी तापते, तिथेच पाणवनस्पती आणि किडे असतात, आणि लहान मासे अन्नासाठी व आडोशासाठी तिथेच येतात. ज्या माशासाठी मी आले होते तो माझ्या पायापासून चार मीटरवर होता. त्याच्यापर्यंत पोचायला रिळाची गरजच नव्हती.

बूच आधी थरथरले, मग तिरके होऊन सरकत पाण्याखाली गेले. काठी उचलली. रीळ नसल्यामुळे माशाची प्रत्येक हालचाल थेट मनगटात येते. मधे ब्रेक नाही, चाक नाही, दांडीच वाकते आणि सरळ होते. हातजाळ्यात आला तो रोटआउगे (अर्थ ‘लाल डोळा’) नावाचा मासा, वीतभर लांब, रुपेरी, खवल्यांच्या कडा किंचित निळसर, खालचे पर नारिंगी आणि डोळ्याभोवती लाल कडे, जणू रात्रभर जागा होता. मोजपट्टीवर ठेवला, चोवीस सेंटिमीटर. मग सोटा. माझा हात थरथरत होता. एक ठोसा बसला, डोळे फिरायचे थांबले, सुरी चालवली. खाडीवरच्या माझ्या लहानपणी हे काम कधी माझ्याकडे आलेच नव्हते, मोठी माणसे करीत. तक्त्यात नोंद केली आणि मग पाच-दहा मिनिटे काठी गवतावर ठेवून नुसती बसून राहिले.

दुपारपर्यंत आणखी काही रोटआउगे आणि एक बार्श (इंग्रजीत पर्च) मिळाला. शेजारच्या गृहस्थांचे यंत्र तोवर एकदाही वाजले नव्हते. ते माझ्याकडे येऊन आपुलकीने बघून गेले आणि म्हणाले की त्यांचीही सुरुवात अशाच काठीने झाली होती. हे मी कोणाची फजिती म्हणून लिहीत नाही. त्यांना हवा असलेला दहा-बारा किलोंचा कार्प माझ्या काठीला लागला असता तर दोरा तुटला असता आणि तोंडात गळ अडकलेला मासा निघून गेला असता, जे माशाच्या दृष्टीने वाईटच. त्यांची सामग्री त्यांच्या माशासाठी योग्य होती. शिवाय तंबूत बसून रात्री त्या यंत्राची वाट पाहण्यात त्यांना जो आनंद होता तो मी कोण मोजणार? फक्त, तो आनंद मासेमारीची प्रवेश फी आहे असे नवख्याने समजू नये.

रोटआउगे काटेरी असतो. इथले लोक तो फारसा खात नाहीत, पण पेडवे आणि पालू खाऊन वाढलेल्यांना काट्यांचे भय कसले? दोन्ही बाजूंना बारीक बारीक चिरा द्याव्यात, म्हणजे लहान काटे तेलात कुरकुरीत होतात. मग हळद, तिखट, मीठ, आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळावा. बार्श त्याहून कितीतरी चवदार, पांढरा आणि घट्ट. पण त्याची खवले काढताना बोटे सोलवटतात आणि पाठीचा काटेरी पर टोचतो, म्हणून आधी तो कात्रीने कापून टाकावा.

त्या बार्शच्या चवीमुळेच शरदात रिळाकडे वळले. बार्श खोल पाण्यात जातात तेव्हा काठीच्या टप्प्याबाहेर असतात आणि रबरी मासा फेकून ओढत आणावा लागतो. सव्वादोन मीटरचा ५ ते २० ग्रॅमचा रॉड, मध्यम आकाराचे रीळ आणि दोरा मिळून ६५ युरो झाले. इथे मात्र सर्वांत स्वस्त ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा-वीस युरोंच्या तयार संचातल्या रिळाचा ब्रेक अडखळतो : दोरा हळूहळू सुटण्याऐवजी आधी अडतो आणि मग धक्क्याने सुटतो, आणि त्याच धक्क्याला बारीक दोरा तुटतो. दुकानात रीळ हातात घेऊन ब्रेक थोडा सैल करावा आणि दोरा हाताने ओढून पाहावा, तो सारखा यायला हवा. रॉडच्या कड्यांमधून कापूस फिरवावा. धागा अडकला तर कडे खरखरीत आहे आणि ते दोरा कापणार. ही परीक्षा शंभर युरोंच्या आतल्या पुष्कळ वस्तू उत्तीर्ण होतात. त्यापुढचे पैसे वजन कमी होण्याचे असतात. दिवसभर फेकत राहणाऱ्याला शंभर ग्रॅमचा फरक खांद्यात जाणवतो. महिन्यातून एखाद्या रविवारी जाणाऱ्याला जाणवत नाही. आणि गावी खाडीवर न्यायचे असेल तर कितीही महाग रीळ न्या, खारे पाणी त्याला सोडत नाही, घरी येऊन ते गोड्या पाण्याने धुवावेच लागते.

क्लबात नाव घालावे का, असेही विचारले जाते. वर्षातून बऱ्याचदा जाणार असाल तर दिवसाच्या परवानग्या महाग पडतात आणि क्लबचे वार्षिक पत्र परवडते. पण बहुतेक क्लब प्रवेशासाठी एकरकमी पैसे घेतात, काठ साफ करणे, झाडे छाटणे अशा श्रमदानाचे तास लावतात आणि लोकप्रिय क्लबांत प्रतीक्षायादी असते. माझे नाव एका यादीवर आहे, कधी लागेल ते क्लबच जाणे.

बर्लिनकडे राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात रोटआउगे, ब्रीम, कार्प अशा शिकार न करणाऱ्या माशांसाठी परीक्षेची अटच नाही. मत्स्यकर आणि त्या पाण्याचे परवानगीपत्र एवढे पुरते. हे फक्त ब्रांडेनबुर्गच्या पाण्यावर लागू आहे, बर्लिन शहरातल्या पाण्यावर नाही, आणि पाइक, झांडर किंवा बार्शसारख्या शिकारी माशांसाठी नाही. भारतातून आई-वडील किंवा मित्र काही आठवड्यांसाठी आले असतील तर उत्तरेकडच्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात परीक्षेशिवाय सलग २८ दिवसांचा पर्यटक परवाना मिळतो. माझा पुण्याचा एक वर्गमित्र गेल्या उन्हाळ्यात ब्रांडेनबुर्गच्या तळ्यावर चोवीस युरोंच्या तशाच काठीने बसला आणि संध्याकाळी त्याने मला फोटो पाठवला, त्याखाली एकच ओळ होती, ‘तू साठ प्रश्न का सोडवलेस?’ मी त्याला बार्शचा फोटो पाठवला.